सगळ्यांनाच खाजतं

माझे भावोजी तोकुझो कोदामा यांनी जन्मभर लोकांच्या पाठी घासल्या. यात कौतुक नाही नि तक्रारही नाही, तो त्यांचा धंदाच होता. नोशिरो गावात आमच्या वडिलांची सार्वजनिक न्हाणी होती, ‘चिदोरी’ नावाची, अजूनही आहे. तिथं पाठी घासणारा गडी म्हणून ते पोरवयात नोतोकडून आले. तिकडच्या गावांतून पोरं अशीच निघायची, कुणी या शहरात तर कुणी त्या, पण सगळी न्हाण्यांतच. पुढे वडिलांनी माझ्या ताईचं त्यांच्याशी लग्न लावलं आणि त्यांना घरजावई करून घेतलं. त्यांनी आमचं आडनाव घेतलं, आमचा देव्हारा सांभाळला, वडिलांचे टोमणे ऐकून घेतले. बोलले काही नाहीत. त्यांना बोलायला फारसं यायचंच नाही, घासायला यायचं.

मी धाकटी, तोमि. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले आणि गल्ल्यावर बसले. आमचा गल्ला उंचावर असतो, पुरुषांची बाजू नि बायकांची बाजू यांच्या मधोमध, त्यामुळे बसणाऱ्याला दोन्हीकडचं सगळं दिसतं. लोक विचारतात, तोमिबाई, तुम्हाला काही वाटत नाही का? अहो, इतकी वर्षं उघडी माणसं बघितली की तीच माणसं कपडे घालून बाजारात भेटली तर ओळखू येत नाहीत, एवढंच. वडील गेले, मग ताई गेली. न्हाणीत आम्ही दोघंच उरलो, भावोजी खाली नि मी वर.

कुणाला पाठ घासून हवी असली की तो गल्ल्याशी येऊन ‘एक पाठ’ म्हणायचा आणि मी लाकडी टिपऱ्या वाजवायची. एकदा वाजवल्या की पुरुषांकडे, दोनदा वाजवल्या की बायकांकडे, तिथंही घासायला तेच जायचे, रीतच तशी. भावोजी मागच्या भट्टीवर असायचे, वखारींतून आणलेले देवदाराचे तुकडे जाळत. टिपऱ्या ऐकल्या की हातातलं टाकून, वाळक्या घोसाळ्याची जाळी घेऊन हजर. आणि मग जे काही चालायचं त्याला आम्ही घासणं म्हणायचो. दुसऱ्या गावात कदाचित वेगळा शब्द असेल. वखारीतली माणसं, लाकडं ओढून खांदे दगड झालेली, ती सुद्धा दात आवळून बसायची. एकदा एका नवऱ्या मुलाला लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्या मामानं हौसेनं पाठ घासायला आणलं. दुसऱ्या दिवशी तो अख्ख्या लग्नात पाटासारखा ताठ बसला. पाठ टेकवेना बिचाऱ्याला. मुलीकडच्यांनी मात्र फार वाखाणलं, मुलगा संस्कारी आहे म्हणाले.

पाणीही तसंच कडक. नवखं माणूस पाय घालायचं आणि लगेच काढायचं. भावोजी स्वतः न्हाणी बंद झाल्यावर त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचे, त्याआधी स्वतःला घासून घासून लाल करायचे, आणि डोळे मिटून असा काही उसासा टाकायचे की भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. मला वाटायचं, दमतो बिचारा माणूस.

त्यांना एकच मुलगी, सानाए. ती लग्न होऊन आकिता शहरात गेली, कानोंच्या घरी. तिला मुलगी झाली, चिहारु. झाली तीच गालांवर लाल चट्टे घेऊन. मग कोपरांच्या खळग्यात, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. पोर रात्रंदिवस ओरबाडायची. सानाएच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की कानोंच्या घराण्यात असलं कधी कुणाला झालं नाही. हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या की उलट काही बोलताही यायचं नाही.

चिहारु चार वर्षांची झाली तेव्हा उन्हाळ्यात पितरांच्या सणाला सानाए तिला घेऊन आली. भावोजींनी तिच्यासाठी ओळखीच्या सुताराकडून एक चिमुकली लाकडी बादली करून घेतली होती, बुडावर तिचं नाव कोरून. नातीला घेऊन ते न्हाणीत गेले. मी गल्ल्यावर होते, मला दिसत होतं. पोर आधी हसत होती. मग त्यांनी जाळी घेतली.

‘आजोबा, नको ना.’

‘मळ जायला नको का? मळ गेला की खाज जाते.’

‘आजोबा, दुखतंय. खाजतंय पण नि दुखतंय पण.’

‘सगळ्यांनाच खाजतं, चिहारु. कुणी रडतं का?’

त्या आवाजात राग नव्हता हो. मी सांगते ना, मायेनं म्हणत होते. पोरीनं रडं गिळलं आणि मुठी आवळून बसली, वखारीतल्या माणसांसारखी. सानाए आत आली तेव्हा पोरीच्या पाठीवरून वाहणारं पाणी गुलाबी होतं. तिनं काही आरडाओरडा केला नाही. पोरीला पंच्यात गुंडाळलं, उचललं, आणि दारात थांबून म्हणाली, ‘बाबा, माझ्या मुलीच्या अंगाला पुन्हा हात लावायचा नाही.’ सण तसाच टाकून मिळेल त्या गाडीनं गेली.

भावोजींचं तेव्हापासून एकच चाललं होतं. लाकडी बादली कोरडी पडली की फळ्या आखडतात आणि ती सुटते. म्हणून ते रोज ती चिमुकली बादली फळीवरून काढायचे, पाण्यानं भरायचे, थोडा वेळ ठेवायचे, ओतायचे, पुन्हा फळीवर. सानाए नव्या वर्षाला यायची, तोंडदेखलं चहा घ्यायची, मुलीला मांडीवरून उतरू द्यायची नाही. न्हाणीच्या दारापर्यंतसुद्धा नाही. चिहारु लांबून आजोबांकडे बघायची. आजोबा लांबून तिच्याकडे बघायचे. त्यांना काय हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं: पोरीनं एकदा न्हाणीत यावं. मागायची त्यांची टाप नव्हती.

जुने सम्राट वारले, त्याच्या दुसऱ्या वर्षी सानाएचा फोन आला. फोन मलाच आला. शहरातल्या मोठ्या इस्पितळात उसुई नावाचा एक तरुण कातडीचा डॉक्टर होता, तो चिहारुला बघत होता. त्याचा कसलासा अभ्यास चालला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक एन्झाइम असतं, ते या पोरांमध्ये फार जोरात चालतं म्हणे. आणि ते घराण्यात असतं, अंगावर एकही चट्टा नसलेल्या नातेवाइकाच्या रक्तातही सापडतं. म्हणून त्याला दोन्हीकडच्या आजी-आजोबांचं रक्त हवं होतं आणि हाताची थोडी कातडी.

‘सासूबाईंची झाली तपासणी,’ सानाए म्हणाली. ‘त्यांच्यात काही नाही.’

‘त्यांनी सांगितलंच असेल तुला.’

‘मावशी, शेजाऱ्यांना पण सांगितलं.’

मी फोन ठेवून भावोजींना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, भट्टीमागे गेले आणि कपडे धुवायच्या साबणाचा डबा घेऊन आले. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, एन्झाइमयुक्त. त्या काळी सगळ्याच डब्यांवर असायचं.

‘हेच का?’

‘तसलंच काहीतरी.’

‘हे मळ खातं.’ त्यांनी डबा फिरवून मागचं वाचलं. ‘रक्तात असलं तर बरंच की मग.’

‘भावोजी, ते तिची कातडी खातंय.’

ते डबा ठेवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते एकदम ठरवूनच आले. ‘जातो मी. बघू दे त्याला माझं रक्त. आमच्याकडून आलेलं नाही हे एकदा कागदावर आलं की सानाए घेऊन येईल तिला.’ माझ्या ताईच्या घराण्याचं नाव साफ करायला हा नोतोचा माणूस निघाला होता. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःला जे घासलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळी पुन्हा एकदा. ठेवणीतला कोट घातला आणि गेले. तिथं काय झालं ते परत आल्यावर त्यांनीच सांगितलं. डॉक्टरनं हातावर चिकटपट्टी लावली आणि ओढून काढली. पट्टीला कातडीचे बारीक पापुद्रे लागतात, त्यांतलं एन्झाइम मोजतात. भावोजींच्या पट्टीला काहीच लागलं नाही. डॉक्टरनं दुसरी पट्टी लावली. तीही कोरी.

‘आजोबा, तुम्ही हाताला साबण लावलात का?’

‘लावला नाही हो. घासला.’

‘न धुता या असं सांगितलं होतं ना?’

‘डॉक्टरकडे यायचं, आणि न धुता?’

डॉक्टर उसुईनं म्हणे डोकं टेबलावर टेकलं. त्याच्याकडे येणारे सगळे म्हातारे असेच चकचकीत होऊन येत होते. निरोप पाठवला, चिठ्ठी पाठवली, घरच्यांना सांगितलं. लोक ‘हो, हो’ म्हणायचे आणि निघायच्या आधी अंघोळ करून यायचे. परक्यासमोर मळका हात कसा काढायचा? एक आजी तर कातडी मऊ दिसावी म्हणून तांदळाच्या कोंड्यानं हात चोळून आल्या होत्या. त्याचा सगळा अभ्यास आमच्या सभ्यपणापुढे अडून बसला होता. रक्त नि कातडी एकाच दिवशीची लागायची, म्हणून त्यानं रक्तही घेतलं नाही. पुन्हा या म्हणाला, दोन दिवस हाताला पाणी लावू नका.

भावोजी पुन्हा गेले. दोन दिवस हात कोरडा ठेवला, खरंच ठेवला, मी बघत होते. निघायच्या आधी चपला घालता घालता थांबले, स्वतःच्या हाताकडे बघितलं, ‘आलोच’ म्हणाले आणि आत जाऊन धुऊन आले. मला पत्ताच नाही. पुन्हा कोरी पट्टी, पुन्हा परत.

सानाएचा फोन आला. ‘मावशी, बाबा हे मुद्दाम करतायत का?’

‘मुद्दाम? अगं, त्यांना मुद्दाम काही करता येत असतं तर अजून काय हवं होतं.’

‘सासूबाई म्हणतात, घाबरले असतील.’

झालं. माझं डोकंच फिरलं. मी खाली उतरले आणि सांगितलं, ‘भावोजी, या वेळी तुमचा हात माझ्या ताब्यात.’

त्यांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत मी स्वच्छ फडकं गुंडाळलं, त्यावर मुळ्याच्या लोणच्याची रिकामी प्लास्टिकची पिशवी चढवली आणि सुतळीनं बांधली. साबणात हात घालायचा नाही म्हणजे पाठी घासणं बंद. स्वतःची अंघोळही बंद, कारण अर्धं न्हायलं की त्यांना उरलेलं अर्धं न्हायल्यावाचून राहवत नाही. दारावर मी पाटी लावली: ‘दोन दिवस पाठ घासून मिळणार नाही.’ आता ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, पण त्या दोन दिवसांत न्हाणीत जी गर्दी झाली ती नव्या वर्षालाही होत नाही. वखारीतली माणसं पोराबाळांना घेऊन आली. मी पैसे घेत राहिले.

भावोजी माझ्याशेजारी गल्ल्यावर बसले होते, लोणच्याची पिशवी मांडीवर घेऊन. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी, न्हाणी उघडायच्या आधी, मी चिल्लर लावत होते तेव्हा बाजूला खसखस सुरू झाली. मान खाजवत होते. मग पोटरी. मग कमरेत हात घालून पाठ. मग कोटाच्या कॉलरनं मान. मग खांबाला पाठ लावून वर-खाली.

‘भावोजी, काय हे? अस्वल शिरलंय का अंगात?’

‘खाजतंय.’

‘कुठे?’

‘कुठे म्हणजे?’ ते थांबले. ‘सगळीकडे. नेहमीचंच. घासलं नाही ना दोन दिवस, म्हणून जरा जास्ती.’

‘नेहमीचंच म्हणजे?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काही खुळ्यासारखं विचारलंय असं. ‘तू कशी राहतेस मग? तू तर घासत पण नाहीस फारशी.’

‘मला नाही खाजत.’

‘आत्ता नसेल.’

‘कधीच नाही. डास चावला तर खाजतं.’

‘आणि डास नसला तर?’

‘तर नाही.’

‘गरम पाण्यात बसल्यावर सुटल्यासारखं वाटत नाही तुला?’

‘बरं वाटतं. पण सुटल्यासारखं कशातनं? मी कशात अडकलेलीच नसते.’

 एखाद्यानं आजवर वापरलेलं नाणं खोटं निघावं तसा त्यांचा चेहरा झाला. बराच वेळ त्यांनी खाजवलंही नाही.

‘तुझ्या ताईला?’ त्यांनी विचारलं.

‘ताईला पण नाही खाजायचं.’

‘तिनं मला कधी सांगितलं नाही.’

‘भावोजी, मला खाजत नाही असं कोण कुणाला सांगायला जातं?’

‘मग ही सगळी माणसं,’ त्यांनी पिशवीवाला हात रिकाम्या न्हाणीकडे केला, ‘ही येतात कशाला पाठ घासून घ्यायला?’

आता काय सांगायचं? इथवर आल्यावर खोटं बोलवेना. ‘तुमचा मान ठेवायला येतात,’ मी म्हटलं. ‘तुम्ही इतकं मन लावून करता. नाही म्हणायला जिवावर येतं त्यांच्या. वखारीतला तो ओनोदेरा आहे ना, तो तुमच्याकडे येऊन गेला की रात्री पालथा झोपतो.’

‘ओनोदेरा?’

‘बायकोनं सांगितलं त्याच्या.’

त्यांना सगळ्यांना खाजतं असं वाटत होतं. नोतोच्या त्या पोराला वाटलं होतं की जगात प्रत्येक माणूस असाच आतल्या आत जळत फिरतो, कुणी तोंडानं बोलत नाही, आणि आपल्या हातात एक कला आहे तिनं त्यांना घटकाभर सोडवता येतं. म्हणून तो इतका जोर लावायचा. वखारीतली माणसं दात आवळायची ते त्याला सुख वाटायचं, कारण तो स्वतः सुखानं दात आवळायचा. हे मला त्या दुपारी गल्ल्यावर कळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिल्लर पुन्हा मोजायला घेतली.

ते एकच वाक्य बोलले नंतर. ‘मी पोरीला सांगितलं, सगळ्यांनाच खाजतं म्हणून.’

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना घेऊन गेले. गाडीत पिशवी सोडू दिली नाही. समोरच्या बाकावरची बाई सारखी बघत होती, मी तिला म्हटलं, ‘लोणचं नाहीये, हात आहे.’ डॉक्टर उसुईनं सुतळी सोडली, फडकं काढलं, पट्टी लावली, ओढली. पट्टीला पांढरे पापुद्रे चिकटले होते. त्या माणसाचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं आता टाळ्या वाजवतो. मग रक्त घेतलं. तेवढ्यात त्यानं भावोजींच्या कोपराचा खळगा बघितला, जाड झालेला, जुन्या चामड्यासारखा, मान बघितली, आणि काहीतरी टिपून घेतलं. मीही तो खळगा पहिल्यांदाच नीट बघितला. उघडी माणसं बघण्यात हयात घालवलेली बाई मी, घरातला माणूस बघितला नव्हता.

महिन्याभरानं सगळ्यांना बोलावलं. सानाए, चिहारु, भावोजी आणि मी. चिहारु पहिलीत गेली होती, हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या, आईला चिकटून बसलेली. भावोजी समोरच्या खुर्चीत, ठेवणीतला कोट. ते न्हायलेले नव्हते, मला कळत होतं.

डॉक्टरनं कागद काढला. ‘आजोबा, चिहारुच्या रक्तात जे आहे, तेच तुमच्या रक्तात आहे. तेवढ्याच जोरात. सानाएताईंच्यात थोडं, पण त्यांना त्रास झाला नाही.’

सानाए कागदाकडे बघत राहिली. ज्यासाठी भावोजी एवढे हेलपाटे घालत होते ते त्या एका वाक्यात संपलं. आता सासूबाई आयुष्यभर गोड बोलणार, हे मला तिथंच दिसलं.

‘ते करतं काय नक्की?’ भावोजींनी विचारलं.

डॉक्टर सांगायला लागला. पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. काही शिरलं की बोंब मारतात. मग पेशीच्या आत निरोप फिरतो, झालं, आता गप्प बसा. हे एन्झाइम तो निरोपच कुरतडून टाकतं. निरोप पोचत नाही, पहारेकरी बोंबलत राहतात, अंग लाल होतं, खाज सुटते. कातडीत आणखी वेगळी एन्झाइम असतात, ती थरांचे टाके उसवतात. साबण लावला, कढत पाणी घेतलं, घासलं की त्यांना चेव येतो.

‘घासलं की,’ भावोजी म्हणाले.

‘घासलं की फार. कोमट पाणी, साबण जवळजवळ नाही, नुसता हात, आणि लगेच मलम. तुम्हाला पण.’

‘मळामुळे नाही?’

‘नाही. मळाचा काही संबंध नाही.’

भावोजींनी मान हलवली. मग खुर्चीतून उठले आणि चिहारुसमोर उकिडवे बसले, पाठ घासायला बसायचे तसे, पण चांगले हातभर लांब. सानाएनं मुलीला जवळ ओढलं. त्यांनी हात मागे बांधून ठेवले.

‘चिहारु, मी तुला एक चुकीचं सांगितलं होतं,’ ते म्हणाले. ‘सगळ्यांनाच खाजतं म्हटलं होतं. तसं नाहीये. मी चौकशी केली. तुझ्या या मावशीआजीला अजिबात खाजत नाही.’

चिहारुनं माझ्याकडे बघितलं. ‘अजिबात?’

‘डास चावला तर,’ मी म्हटलं.

‘मग कोणाला खाजतं?’

‘तुला,’ भावोजी म्हणाले. ‘आणि मला.’

पोरगी विचार करत राहिली. मग आईच्या हातातून पुढे वाकून, अगदी हळू आवाजात, गुपित विचारावं तसं तिनं विचारलं, ‘रात्री पण?’

‘रात्री जास्ती.’

‘मोजे घट्ट बसतात तिथे?’

‘तिथे तर विचारू नकोस.’

आणि ती पोर हसली. हो, हसली. सानाए रडत होती. ती बापाला म्हणाली, ‘बाबा, तुम्ही कधी बोलला का नाहीत?’ भावोजी म्हणाले, ‘मला काय माहीत, ते बोलायचं असतं म्हणून.’ डॉक्टर उसुई कागदात काहीतरी शोधत बसला होता, तिथं काही नव्हतं.

पण मुलीला न्हाणीत आणायचं सानाएनं काही कबूल केलं नाही. मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या, फोनवर सांगायचं, असं चाललं. भावोजींनी घोसाळ्याची जाळी खिळ्याला अडकवली ती कायमची. दारावरची पाटी मी काढलीच नाही, फक्त ‘दोन दिवस’ खोडलं. लोक ‘अरेरे’ म्हणाले. ओनोदेरा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

शरद ऋतू लागला तेव्हा एका सोमवारी, न्हाणीची सुट्टी असते त्या दिवशी, मी गल्ला पुसत होते. दार सरकलं. सानाए दारातच उभी राहिली आणि चिहारु एकटीच आत आली, चपला व्यवस्थित काढल्या, गल्ल्याशी आली. तिचं डोकं फळीच्या वर येत नव्हतं, म्हणून ती टाचा उंचावून उभी राहिली.

‘एक पाठ,’ ती म्हणाली.

मी सानाएकडे बघितलं. सानाएनं मान दुसरीकडे वळवली, पण गेली नाही.

मी टिपऱ्या काढल्या आणि दोनदा वाजवल्या. बायकांकडे दोनदा वाजवून किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. मागे भट्टीवर, सुट्टीलाही तिची धग राखलेली असायची, काहीतरी आपटल्याचा आवाज आला. भावोजी आले ते अर्धे धावतच, सवयीनं खिळ्याकडे हात गेला, आणि तिथंच थांबला. त्यांनी फळीवरून ती चिमुकली बादली काढली. एक फळीसुद्धा सुटलेली नव्हती.

पाणी त्यांनी स्वतः मिसळलं, कोपर बुडवून बघितलं, गार ओतलं, पुन्हा बघितलं. त्या न्हाणीत आयुष्यात पहिल्यांदा कोमट पाणी झालं असेल. पोर बसली. पाठीवर चट्टे होते, पण कोरडे, फिकट. त्यांनी बादलीनं पाणी सोडलं, हळू, एकदा, पुन्हा एकदा. मग हात समोर धरून नुसतेच बसले. त्या मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

‘आजोबा, घासा ना.’

‘नाही. घासायचं नाही.’

‘मग नुसता ठेवा.’

त्यांनी हात ठेवला. तिच्या पाठीवर तो केवढा तरी मोठा दिसत होता. ती म्हणाली, थोडा वर, मग, अजून थोडा डावीकडे, मग काहीच म्हणाली नाही. दोघंही हलेनात. पाणी गार होत चाललं असणार, मी वरून बघत होते. सानाए येऊन माझ्याशेजारी गल्ल्यावर बसली.

थोड्या वेळानं चिहारु मागे वळली आणि म्हणाली, ‘आता तुम्ही फिरा.’

जन्मभर पाठी घासणाऱ्या त्या माणसाला ते एकदम कळलंच नाही. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.